चार्लीची साक्ष



बिली वाइल्डरच्या 'डबल इन्डेम्निटी'मध्ये (१९४४) वॉल्टर नेफ नावाचा विमा एजंट एका खुनाची आखणी करतो. खून होईल त्या वेळी आपण घरीच होतो, असं सांगता येण्याची सोय त्याला करून ठेवायची आहे. संध्याकाळी तो इमारतीच्या गॅरेजमध्ये गाडी लावतो आणि तिथल्या माणसाला ती धुवायला सांगतो. या माणसाचं नाव चार्ली. मग वर जाऊन नेफ एका सहकाऱ्याला मुद्दाम फोन करतो, कपडे बदलतो, फोनच्या आणि दाराच्या घंटीत छोटी कार्डं अडकवतो. आपण नसताना घंटी वाजली तर परतल्यावर ते कळावं, म्हणून ही युक्ती. आणि मागच्या जिन्यानं निसटतो. खून करून येतो. आल्यावर पुन्हा खाली गॅरेजमध्ये उतरतो, कारण चार्लीनं त्याला दुसऱ्यांदा पाहायला हवं. दोन वाक्यं बोलतो आणि काहीतरी खायला म्हणून चालत बाहेर पडतो.

पुढे कंपनीचा चौकशी अधिकारी कीझ आपल्या टिपणात नोंदवतो की, त्या संध्याकाळी नेफ घरीच होता याची आपण शहानिशा केली आहे. म्हणजे कुणीतरी, कधीतरी चार्लीला विचारलं असणार. ते आपल्याला दाखवलेलं नाही. या चित्रपटात सगळेच भरपूर बोलतात. खुनी तर दोन तास बोलतो, सगळी गोष्ट त्याच्याच कबुलीजबाबातून येते. त्याचा जीव ज्याच्या शब्दावर टांगलेला आहे, त्याचा शब्द मात्र पडद्याबाहेर राहतो. चार्लीचं काम सॅम मॅकडॅनियलनं केलं. 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलचा हा भाऊ. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना रहस्यपट आवडत नसत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयवर पोसलेल्या माझ्यासारख्यांना ते नेहमी चिडवायचे. तेव्हा हा विषय त्यांच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानात घ्यायचा म्हणजे थोडा वचपा काढणंही आहे. पण विषय गंभीर आहे. १९४० आणि ५०च्या दशकांत अमेरिकेत निघालेल्या ज्या गुन्हेपटांना आपण फिल्म न्वार म्हणतो, त्यांच्यात काळी, मेक्सिकन, चिनी-जपानी, ज्यू, समलिंगी माणसं किती दिसतात, हे मोजायला बसलं तर उत्तर झटकन मिळतं आणि ते निराश करणारं असतं. मोजणीतून पुढे फारसं हाती लागत नाही. मी विचारतो ते एवढंच की, या गोष्टी त्या माणसांकडून कोणतं काम करून घेतात?

माझं म्हणणं असं आहे : या चित्रपटांतला गुन्हा अशा माणसांच्या हजेरीवर चालतो. गॅरेजवाला, लिफ्टवाला, रेल्वेतला हमाल, मोलकरीण, बारमधला पियानोवाला. ते तिथे आहेत, सगळं पाहतात, आणि त्यांना काय वाटतं हे कुणी विचारणार नाही याची गुन्हेगाराला खात्री असते. बहुतेक चित्रपट ही सोय वापरतात आणि पुढे जातात. काही थोड्या चित्रपटांच्या मात्र ती लक्षात येते, आणि ते तिचीच गोष्ट करतात. मला त्या थोड्यांत रस आहे.

आधी काळ लक्षात घ्या. १९३४पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड कडकपणे लागू झाला. जोसेफ ब्रीन हा त्याचा मुख्य अंमलदार. गोरे आणि काळे यांच्यातले शरीरसंबंध दाखवायचे नाहीत, हे त्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कलम १९५६मध्ये गेलं. समलिंगी संबंधांचा उल्लेखही चालत नसे. शिवाय दक्षिणेकडची थिएटरं होती. मेम्फिस शहराच्या सेन्सॉर मंडळावर लॉइड बिनफर्ड नावाचे गृहस्थ १९२८पासून १९५५पर्यंत ठाण मांडून होते. काळी आणि गोरी मुलं एका वर्गात बसलेली दाखवली म्हणून त्यांनी एक साधा विनोदी बालपट अडवला होता. त्यामुळे स्टुडिओ काळ्या कलाकारांचे प्रसंग असे लिहीत की कात्री लावली तरी कथेला धक्का लागू नये. लीना हॉर्नची गाणी एमजीएमच्या संगीतपटांत याच हिशेबानं बसवलेली असत. ज्याला काढून टाकता येईल, त्याच्यावर कथानक उभं करता येत नाही, हे उघडच आहे.

आणि शहर लक्षात घ्या. न्वारचं माहेर लॉस एंजेलिस. तिथल्या बऱ्याच घरांच्या खरेदीखतात हे घर काळ्यांना, चिन्यांना, मेक्सिकनांना विकायचं नाही अशी अट असे. १९४८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या अटी न्यायालयांमार्फत अमलात आणणं बंद केलं. १९४२मध्ये सरकारी हुकमानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेलं. लिटल टोकियो ही त्यांची वस्ती रिकामी झाली, युद्धाच्या कारखान्यांत कामाला आलेली काळी कुटुंबं तिथे राहायला आली, आणि त्या भागाला ब्रॉन्झव्हिल म्हणू लागले. नेफ आणि चार्लीचं चित्रीकरण झालं ते नेमकं याच दिवसांत. पडद्यावरच्या त्या भिजलेल्या, अंधाऱ्या रस्त्यांवर यातलं काहीही नाही.

कधी कधी तर पुस्तकात असलेलं पुसून टाकलं जाई. रेमंड चँडलरची 'फेअरवेल, माय लव्हली' ही कादंबरी (१९४०) सुरू होते ती सेंट्रल अव्हेन्यूवरच्या काळ्या लोकांच्या बारमध्ये. तुरुंगातून सुटलेला मूस मलॉय नावाचा धिप्पाड गोरा आपली जुनी प्रेयसी शोधत तिथे येतो आणि बारच्या काळ्या मालकाला मारून टाकतो. प्रकरण नल्टी नावाच्या एका कंटाळलेल्या पोलिसाच्या गळ्यात पडतं. मेलेला काळा, म्हणजे पेपरात दोन ओळीही येणार नाहीत, याचंच त्याला दुःख. पुस्तकातली भाषा आज वाचताना टोचते. चँडलर काही या बाबतीत संत नव्हता. पण एका खुनाची किंमत मेलेल्याच्या कातडीवर ठरते, हे त्याला दिसलं होतं आणि त्यानं ते अगदी सुरुवातीलाच मांडलं होतं.

१९४४मध्ये आरकेओ स्टुडिओनं यावर 'मर्डर, माय स्वीट' काढला. मूळ नाव ठेवलं तर डिक पॉवेलचा हा आणखी एक नाचगाण्यांचा चित्रपट असं लोकांना वाटतं म्हणून नाव बदललं, ही गंमत सगळे सांगतात. बार बदलला, हे कमी सांगितलं जातं. चित्रपटात तो गोऱ्यांचा साधा गुत्ता झाला. तो पहिला खूनही गेला, आणि नल्टीचं दुःखही. ती वस्ती पुन्हा यायला १९७५ उजाडावं लागलं. रॉबर्ट मिचमला चँडलरचा गुप्तहेर मार्लो करून ही कादंबरी परत काढली तेव्हा.

'मर्डर, माय स्वीट'चे दिग्दर्शक एडवर्ड दमित्रिक, निर्माते एड्रियन स्कॉट, पटकथाकार जॉन पॅक्स्टन. ही नावं सांगतो कारण तीन वर्षांनी याच तिघांनी 'क्रॉसफायर' (१९४७) केला, आणि तिथेही तीच किमया आहे. रिचर्ड ब्रुक्सच्या मूळ कादंबरीत सैनिकांकडून ज्याचा खून होतो तो समलिंगी आहे. कोडच्या राज्यात हे शक्यच नव्हतं. त्या जमान्यात समलिंगी माणूस पडद्यावर यायचा तो सूचनेनं. 'द माल्टीज फाल्कन'मध्ये (१९४१) पीटर लॉरच्या जोएल कैरोला सुगंधी व्हिजिटिंग कार्ड दिलं की काम भागे. तेव्हा या तिघांनी मेलेला माणूस ज्यू केला. द्वेष तोच ठेवला, द्वेषाचा विषय बदलला.

चित्रपट चांगला आहे. हॉलिवूडनं ज्यूद्वेषाचं इतकं उघड नाव त्याआधी फारसं घेतलं नव्हतं, आणि रॉबर्ट रायनचा माँटगमरी हा सैनिक अंगावर काटा आणतो. पाच ऑस्कर नामांकनं मिळाली. पण द्वेष कोणताही असो, बळीच्या जागी कुणालाही बसवता येतं, असं त्या अदलाबदलीमुळे नकळत म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्यू माणसाचा आणि समलिंगी माणसाचा तिरस्कार वेगवेगळ्या वाटांनी येतो, वेगवेगळी भाषा बोलतो. शिवाय रॉबर्ट यंगचा पोलीस अधिकारी द्वेषावर जे लांबलचक प्रवचन देतो, त्यात तो आपल्या आयरिश आजोबांची गोष्ट सांगतो. समोर बसलेला तरुण अमेरिकी सैन्यातला आहे. त्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या अजून वेगळ्या होत्या. त्या बंद करण्याचा हुकूम निघाला पुढच्या वर्षी, जुलै १९४८मध्ये. प्रवचनात त्याचा स्पर्श नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. चित्रपट लागून काही महिने होतात न होतात तोच दमित्रिक आणि स्कॉट या दोघांना संसदेच्या 'अमेरिकाविरोधी कारवाया' समितीसमोर उभं केलं गेलं. साक्ष द्यायला नकार दिल्यानं दोघेही 'हॉलिवूड टेन' म्हटल्या गेलेल्या दहा जणांत गेले आणि तुरुंगात. १९५१मध्ये दमित्रिक पालटला आणि त्यानं सहकाऱ्यांची नावं सांगितली. स्कॉटचंही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे व्याख्यान देतो आहे असं म्हटलं तरी चालेल, त्याकडे येतो. जाक तूर्नरचा 'आउट ऑफ द पास्ट' (१९४७). रॉबर्ट मिचम खाजगी गुप्तहेर आहे. कॅथी नावाची बाई एका गुंडाला गोळी घालून पैसे घेऊन पळाली आहे, तिला शोधायचं आहे. माग सुरू होतो तिच्या मोलकरणीपासून. मोलकरीण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर त्या काळातलं जे चित्र येतं, एप्रन, वाकडंतिकडं इंग्रजी, घाबरून फिरणारे डोळे, त्यातलं इथे काही नाही. युनिस भेटते ती हार्लेममधल्या क्लबात, रात्री, स्वतःच्या वेळात. उत्तम कपडे, सोबत तिचा मित्र. सगळा क्लब काळ्या लोकांचा, मिचम एकटा गोरा. तो अदबीनं विचारतो, ती अदबीनं उत्तर देते. कॅथी फ्लोरिडाला गेली, म्हणते. बोलता बोलता कॅथीनं टोचून घेतलं होतं आणि त्याचा तिला त्रास झाला होता, असं निघतं. फ्लोरिडाला जायला लस लागत नाही. मिचम समजतो : मेक्सिको. आभार मानतो आणि निघतो.

दोन-अडीच मिनिटांचा प्रसंग आहे. अनेक समीक्षकांनी, त्यांत जेम्स नेअरमोर मुख्य, त्याची दखल घेतली आहे आणि एक रास्त आक्षेपही नोंदवला गेला आहे : काळ्या क्लबात सहज वावरता येणं हा इथे गोऱ्या नायकाच्या रुबाबाचा दाखला होतो. मान्य. पण मला यात आणखी काही दिसतं. युनिस खोटं बोलते आहे. आपल्या मालकिणीला वाचवायला बोलते, की एका गोऱ्या अनोळखी माणसाला काही सांगायचंच नाही म्हणून बोलते, हे आपल्याला कळत नाही. कळत नाही हेच चांगलं आहे. म्हणजे तिच्याकडे स्वतःची काही कारणं आहेत, आणि ती तिच्यापाशीच राहतात. चार्लीला गृहीत धरता येतं. युनिसला धरता येत नाही. तिच्याकडून खरं काढून घ्यायला गुप्तहेराला डोकं चालवावं लागतं.

युनिस झाली टेरेसा हॅरिस. १९३३च्या 'बेबी फेस'मध्ये ती बार्बरा स्टॅनविकची मैत्रीण-मोलकरीण होती. तूर्नरनंच तिला 'कॅट पीपल' आणि 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'मध्येही घेतलं होतं. तूर्नर मूळचा फ्रेंच; त्याच्या चित्रपटांत काळी माणसं मधूनमधून माणसांसारखी वागतात, हा त्याचा गुण होता. तरी 'आउट ऑफ द पास्ट'च्या श्रेयनामावलीत टेरेसा हॅरिसचं नाव तुम्हाला सापडणार नाही.

क्लबचा विषय निघालाच आहे तर जरा घराकडे वळतो. पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईच्या गुन्हेपटांत, 'आर पार' घ्या किंवा 'सी.आय.डी.', क्लब हवाच. दोन्हींचं संगीत ओ. पी. नय्यर यांचं आणि नय्यर यांचे अरेंजर सेबास्टियन डिसोझा, गोव्याचे. त्या काळातल्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते, आणि पडद्यावर मात्र गोव्याचा ख्रिस्ती माणूस बहुधा दारुड्या मायकल किंवा खलनायकाच्या टोळीतली लिली म्हणून येई. सूर त्यांचे, दोष त्यांचा, श्रेय दुसऱ्यांचं. यावर कुणी मराठीत नीट लिहायला हवं.

परत अमेरिकेत. कॅमेऱ्यामागचा एक माणूस. जेम्स वाँग हाउ, जन्म चीनमधल्या ग्वांगडाँगचा, १८९९चा. लहानपणीच अमेरिकेत आला आणि कृष्णधवल छायाचित्रणातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक झाला. १९३७मध्ये त्यानं लेखिका सॅनोरा बॅबशी लग्न केलं, पॅरिसमध्ये. ती गोरी असल्यामुळे कॅलिफोर्नियाच्या कायद्याला ते लग्न मान्य नव्हतं. १९४८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, तोवर त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अंधाराच्या छटा जगाला शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गावात स्वतःच्या बायकोला कायद्यानं बायको म्हणता येत नव्हतं.

त्याच्या हातून टिपला गेलेला रॉबर्ट रॉसेनचा 'बॉडी अँड सोल' (१९४७) हा मुष्टियोद्ध्याचा चित्रपट. मुष्टियुद्धाच्या प्रसंगात हाउ रोलर स्केट्स घालून रिंगणात फिरला, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला बेन चॅपलिन महत्त्वाचा वाटतो. बेन हा काळा विजेता. त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी आहे हे व्यवस्थापकांना माहीत असतं, तरी ते त्याला रिंगणात उतरवतात. जॉन गारफील्डचा चार्ली डेव्हिस त्याला हरवतो, हे न कळता. पुढे बेन त्याचा प्रशिक्षक होतो, आणि शेवटी संतापाच्या भरात हवेतच ठोसे मारत कोसळतो. बेन साकारणारा कॅनडा ली स्वतः मुष्टियोद्धा होता, एका डोळ्याची दृष्टी त्यातच गेलेली. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जितका वेळ थांबतो, तितका त्या काळात काळ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच थांबे. तरीही हिशेब सरळ आहे : बेन मरतो आणि गोऱ्या नायकाला सद्सद्विवेक सापडतो. हे त्या काळातल्या सद्भावनेचं ठरलेलं वळण होतं. कॅनडा ली आणि गारफील्ड दोघेही डाव्या मतांमुळे काम नाकारणाऱ्या हॉलिवूडच्या काळ्या यादीच्या छळात सापडले आणि मे १९५२मध्ये काही दिवसांच्या अंतरानं गेले.

या चित्रपटाचा लेखक अब्राहम पोलोन्स्की. त्याचं नाव लक्षात ठेवा, बारा वर्षांनी पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात बरंच घडलं. मी त्यावरून धावत जातो. मेक्सिको हे न्वारमध्ये पळून जायचं ठिकाण; तिथली माणसं म्हणजे बहुधा पार्श्वभूमीवरची गिटार. अपवाद आहेत. अँथनी मानच्या 'बॉर्डर इन्सिडेंट'मध्ये (१९४९) शेतमजुरांच्या लुटीचा छडा लावणारा अधिकारी मेक्सिकन आहे, रिकार्डो मोंटाल्बन, आणि मरतो तो त्याचा अमेरिकी सहकारी. आयडा लुपिनोनं दिग्दर्शित केलेल्या 'द हिच-हायकर'मध्ये (१९५३) मेक्सिकन पोलीस आपसात स्पॅनिश बोलतात आणि खाली भाषांतर येत नाही; खुनी भाषा न कळल्यामुळे अस्वस्थ होतो आणि प्रेक्षकही. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये (१९५८) मेक्सिकन नायक म्हणून चार्ल्टन हेस्टन चेहऱ्याला तपकिरी रंग फासून उभा आहे, ते पाहून आज हसू येतं. पण मूळ कादंबरीत नवरा अमेरिकी आणि बायको मेक्सिकन होती, वेल्सनं ती जोडी उलटवली. मेक्सिकन नवरा आणि गोरी बायको हे प्रेक्षकाला जास्त झोंबणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बायकांबद्दल मी आज कमी बोलतो आहे, हे काहींना खटकेल. घातकी सुंदरीवर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. त्या चित्रपटांच्या मागे 'गिल्डा'ची निर्माती व्हर्जिनिया व्हॅन अप, 'फँटम लेडी'ची जोन हॅरिसन, 'लॉरा'ची मूळ लेखिका व्हेरा कास्परी आणि 'द बिग स्लीप'च्या पटकथेवरची ली ब्रॅकेट या बायका होत्या, एवढं नोंदवून ठेवतो. आणि 'गिल्डा' म्हणजे रिटा हेवर्थ, मूळची मार्गारिटा कान्सिनो, स्पॅनिश नर्तकाची मुलगी. स्टुडिओनं तिच्या कपाळावरचे केस विजेच्या उपचारानं मागे सारले, केस रंगवले, नाव बदललं, आणि मग ती अमेरिकेची स्वप्नसुंदरी झाली.

१९५०मध्ये जोसेफ मॅन्कीविझचा 'नो वे आउट' आला. सिडनी पॉयटिएची पहिली मोठी भूमिका, एका तरुण डॉक्टरची. दरोड्यात जखमी झालेल्या दोन गोऱ्या भावांपैकी एक त्याच्या हाताखाली दगावतो. दुसरा, रिचर्ड विडमार्क, खुनाचा आरोप करतो आणि शवविच्छेदनाला परवानगी देत नाही. डॉक्टर शेवटी स्वतःच खुनाची कबुली देऊन पोलिसांत जातो, कारण खुनाचा खटला उभा राहिला की शवविच्छेदन करावंच लागतं. माझ्या मते चित्रपटाचा खरा गाभा मात्र वेगळा आहे. गोरे काळ्यांच्या वस्तीवर हल्ला करणार, ही कुणकुण लागताच काळे लोक आधीच चालून जातात, आणि त्यांना एकत्र करण्यात पुढे असतो हॉस्पिटलचा लिफ्टवाला. वर-खाली करताना सगळं ऐकणारा हाच तो माणूस, ज्याच्यासमोर लोक बिनधास्त बोलत आले. त्यानं ऐकलेल्याचा उपयोग केला, असं हॉलिवूडमध्ये त्याआधी कुठे दिसतं? शेवट मात्र मवाळ आहे. ज्यानं ठार मारायचा प्रयत्न केला त्याच्याच जखमेवर डॉक्टर पट्टी बांधतो.

१९५९चा 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो'. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, निर्मिती हॅरी बेलाफोंटेच्या स्वतःच्या कंपनीची. पटकथा पोलोन्स्कीची, पण तो काळ्या यादीत. म्हणून नाव लावलं काळे कादंबरीकार जॉन ओ. किलन्स यांचं. काळ्या कलाकारांची नावं गाळण्याची सवय असलेल्या धंद्यात एका काळ्या लेखकाचं नाव पडद्यावर झळकलं ते एका गोऱ्याला लपवायला. पोलोन्स्कीचं नाव परत लागलं ते थेट नव्वदच्या दशकात.

तीन माणसं हडसन नदीकाठच्या एका छोट्या गावातली बँक लुटणार आहेत. बर्क हा बडतर्फ पोलीस. स्लेटर, पुन्हा रॉबर्ट रायन, काळ्यांचा द्वेष करणारा माजी सैनिक. आणि इंग्रॅम, बेलाफोंटे, जुगारात कर्ज झालेला वादक. न्यू यॉर्कमध्ये बर्ककडे दोघे वेगवेगळे येतात, एकाच लिफ्टनं. लिफ्टवाला काळा आहे. स्लेटर त्याच्याशी तुटक वागतो, इंग्रॅम थट्टा करत वर जातो. दोनच फेऱ्या, पण दोन माणसं उभी राहतात. काळा साथीदार या कामाला का लागतो, हे तर अचूकच आहे. गुरुवारी संध्याकाळी बँकेतले कर्मचारी उशिरापर्यंत पगाराचे पैसे मोजत थांबतात, आणि जवळच्या दुकानातला काळा पोऱ्या कॉफी-सँडविच घेऊन बाजूच्या दाराशी येतो. पहारेकरी दार किलकिलं करतो. इंग्रॅमनं त्याच्या जागी जायचं. पहारेकऱ्याला टोपी आणि ट्रे दिसेल. चेहरा कुणाचा, हे तो पाहणार नाही. सगळी योजना या एका खात्रीवर उभी आहे.

योजना बिघडते तीही त्याच जागी. गाडी आणायला निघायची वेळ येते तेव्हा स्लेटर किल्ली इंग्रॅमच्या हातात द्यायला तयार होत नाही. काळ्यावर विश्वास कसा ठेवायचा? किल्ली बर्ककडे जाते, बर्क बाहेर पडतो, पोलीस समोर येतात, गोळी लागते. किल्ली त्याच्याजवळ आणि गाडी तिकडे. आत अडकलेले दोघे पैसे सोडून एकमेकांवर पिस्तुलं रोखतात आणि तेलाच्या टाक्यांवर चढतात. टाक्यांचा स्फोट होतो. नंतर प्रेतांपैकी कुठलं कोणाचं, हे ओळखता येत नाही.

विल्यम मॅकगिव्हर्नच्या मूळ कादंबरीत या दोघांत काहीसा समेट होतो. आदल्याच वर्षी 'द डिफायंट वन्स'मध्ये पॉयटिए आणि टोनी कर्टिस साखळीनं बांधलेले कैदी होते, आणि शेवटी काळा माणूस गोऱ्या मित्रासाठी चालत्या आगगाडीतून उडी टाकतो. जेम्स बॉल्डविननं नोंदवलं आहे की, हार्लेममधले प्रेक्षक त्या प्रसंगाला ओरडून त्याला गाडीत परत चढायला सांगत. पोलोन्स्की आणि बेलाफोंटे यांनी समेट काढून टाकला. 'बॉडी अँड सोल'मध्ये काळा माणूस मरून गोऱ्याला शहाणपण देतो. त्याच लेखकानं बारा वर्षांनी तो सौदाच मोडला. हा चित्रपट 'डबल इन्डेम्निटी'पेक्षा सुबक नाही. शेवटचं प्रतीक जरा जास्तच बोलतं. पण गुन्हेपटाचं तंत्र आणि वर्णद्वेष इथे एकाच किल्लीत आले आहेत, आणि तसं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

त्याच वर्षी सॅम्युएल फुलरचा 'द क्रिमझन किमोनो' आला. लिटल टोकियोत घडणारा, जपानी-अमेरिकी पोलीस आणि त्याचा गोरा जोडीदार. दोघे एकाच मुलीवर प्रेम करतात आणि ती निवडते जपानी-अमेरिकी जोला. जेम्स शिगेटानं तो सुंदर केला आहे. फुलरनं फक्त एक गोची केली : जोडीदाराच्या नजरेत जोला जो वर्णद्वेष दिसतो, तो त्याचाच भास होता असं चित्रपट शेवटी ठरवतो. छावण्यांतून परतून पंधरा वर्षंही न झालेल्या समाजातल्या माणसाला 'तुझ्या मनाचे खेळ' असं सांगणं माझ्या कधीच गळी उतरलेलं नाही.

अभिजात न्वारचा काळ साधारण इथे संपतो. त्याचं खरं उत्तर मिळालं ते १९९५मध्ये, कार्ल फ्रँकलिनच्या 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस'मध्ये. वॉल्टर मोझलीची कादंबरी, १९४८चं लॉस एंजेलिस. एक गोरा दलाल एका बेपत्ता बाईला शोधतो आहे. ती सेंट्रल अव्हेन्यूच्या काळ्या क्लबांत जाते, आणि तिथे तो स्वतः चौकशी करू शकत नाही. म्हणून तो ईझी रॉलिन्सला पैसे देतो. डेन्झेल वॉशिंग्टनचा ईझी नोकरी गेलेला आहे आणि घराचा हप्ता थकला आहे. घर विकत घेऊ शकणाऱ्या थोड्या काळ्या लोकांपैकी तो एक, आणि ते घर त्याला जिवापाड प्यारं आहे. क्लबात प्रश्न विचारायचे, उत्तरं मिळवायची. मिचमनं हार्लेममध्ये जे केलं तेच, पण कॅमेरा या वेळी त्या टेबलांकडून पाहतो आहे. कोण खोटं बोलतं आणि का, हे ईझीला ठाऊक असतं, कारण तो त्यांच्यातलाच. डॉन चीडलनं केलेल्या माउसवर, ईझीच्या मित्रावर, तर वेगळं व्याख्यान द्यावं लागेल. चित्रपटाची समीक्षकांनी वाखाणणी केली, तिकीटबारीवर तो चालला नाही. मोझलीनं ईझी रॉलिन्सच्या डझनाहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या आहेत. दुसरा चित्रपट निघाला नाही.